मुलांचं ऐकून घेणारी शाळा

शाळेत मुलं सुखरूप असावीत, याबद्दल कधी कुणाचं दुमत नव्हतं. पण सुखरूप म्हणजे कशापासून, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत पार बदललं आहे. कुपवाडसारख्या ठिकाणी हे बदलतं उत्तर आजही रोज कसाला लागतं. सांगली आणि मिरजेच्या मधलं हे गाव 1998 मध्ये महापालिकेत आलं. औद्योगिक वसाहतीमुळे इथे कामगारांची वस्ती वाढली. कुणी जतकडून आलं, कुणी कर्नाटकातून, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून. कारखान्याची पाळी आणि शाळा सुटण्याची वेळ जुळेलच असं नाही. आईबाप दोघंही कामावर असतील, तर पोरांवर लक्ष ठेवणारी मोठी माणसं म्हणजे शाळेतलीच.

कुपवाडपासून फार लांब नसलेल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्या काळी चिंता एकच होती, पोर शाळेचा उंबरा चढलं पाहिजे. उंबऱ्याच्या आत काय होतं, ते गुरुजींच्या हवाली. अंगठे धरून उभं राहणं, उठाबशा, तळहातावर छडी हे शिकण्यातच धरलं जाई. मारा, पण शहाणा करा, असं सांगून बाप निर्धास्तपणे घरी परतायचा.

या समजुतीला पहिला धक्का बालवाडीतून बसला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये हे काम रुजलं. भ्यालेलं मूल शिकत नाही, हे या दोघींनी वादविवाद करून नव्हे, तर रोजच्या शिकवण्यातून दाखवलं. तरीही छडी कायद्याने हद्दपार व्हायला 2009 उजाडलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. बोर्डीपासून या कलमापर्यंत चौसष्ट वर्षं गेली. 

मधल्या काळात सुरक्षेचा विचार इमारतीकडे वळला, तोही एका भयंकर घटनेमुळे. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातल्या आगीने गवताचं छप्पर पेटलं आणि 94 मुलं गेली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निकाल दिला की, सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. कुंभकोणमच्या आगीनंतर बरोबर नऊ वर्षांनी, पुन्हा 16 जुलैलाच, बिहारमधल्या गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेलं मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलांचा जीव गेला. आज खिचडीचं पातेलं उतरलं की आधी मोठ्या माणसाने घास खायचा, चव वहीत नोंदवायची, सही करायची आणि मगच मुलांची पंगत वाढायची, हा नियम आहे. छोटी गोष्ट, पण तिच्यातला अर्थ मोठा आहे. धोका असलाच, तर तो आधी मोठ्याने पत्करायचा.

छप्पर, आग, अन्न हे धोके डोळ्यांना दिसतात. माणसाकडून येणारा धोका दिसत नाही, म्हणून तो मान्य करायला समाजाने सर्वांत जास्त वेळ घेतला. केंद्र सरकारने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. बहुतेकांनी तोवर कुणाजवळही वाच्यता केली नव्हती. 2012 मध्ये मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. त्याची बाकीची कलमं अनेकांना ठाऊक असतात, पण शाळेच्या दृष्टीने 19 वं कलम सर्वांत महत्त्वाचं. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणं हाच आता गुन्हा ठरला.

कायदा कागदावर उतरला, तरी मुलाचा आवाज बाहेर यायला वाट हवी असते. सांगली जिल्ह्यातच, वाळवा तालुक्यातल्या कुरळपच्या आश्रमशाळेतले अत्याचार 2018 मध्ये उघडकीस आले ते एका निनावी पत्रामुळे. शाळेच्या आत एकही माणूस विश्वासाचा वाटला नाही, हाच त्या पत्राचा अर्थ.

मग बदलापूर घडलं. ऑगस्ट 2024 मध्ये जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्या एका शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलींनी घरी सांगितलं होतं, पण गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी राज्याचा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, घटना कळताच 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना खबर. यातली सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती, काही नवी नव्हती, तिचा शासन निर्णय मार्च 2022 चा. समिती नेमलेली असणं आणि ती बसलेली असणं यांत किती अंतर असतं, हे पालकांना सांगायला नको.

यातली तक्रारपेटी नीट पाहावी. भिंतीवर कुलूप लावलेला डबा, वर चिठ्ठी टाकायची फट. पाचवी-सहावीच्या मुलाला तो उपयोगी पडेल. पण बदलापूरच्या त्या मुलींना लिहिता येत नव्हतं. पहिलीच्या मुलाचा हात त्या फटीपर्यंत पोचतही नाही. घरी कन्नड किंवा भोजपुरी बोलणारं मूल मनातली भीती मराठीत कशी उतरवणार? कॅमेऱ्याचंही तसंच. तो घडून गेलेलं दाखवतो, आणि स्वच्छतागृहात तर तो नसतोच, नसायलाच हवा. लहान मुलाची तक्रार त्याच्या वागण्यातून येते. रोज बडबडणारं पोर एकाएकी गप्प होतं, डबा तसाच घरी नेतं, एका ठरावीक खोलीकडे जायला नको म्हणतं. हे टिपायला त्याला नावानिशी ओळखणारी बाई किंवा गुरुजी लागतात. वर्गात साठ मुलं कोंबून आणि शिक्षकांना वर्षभर सर्वेक्षणांना जुंपून असं लक्ष ठेवता येत नाही. सुरक्षेचा खर्च कॅमेऱ्यांवर करून मोकळं होणाऱ्यांनी आधी शिक्षकांची पुरेशी नेमणूक करावी.

पालकांच्या हातात काहीच नाही, असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि एकूण जागांपैकी निम्म्या महिलांच्या असाव्यात असं ठरवलं आहे. तेव्हा कुपवाडमधल्या आईबापांनी पुढच्या बैठकीला, अर्ध्या दिवसाचा पगार बुडला तरी, जावं. तक्रारपेटी कोण उघडतं आणि केव्हा? सफाईवाला, शिपाई, रिक्षावाले काका यांची पडताळणी झाली का? सखी सावित्री समिती शेवटची कधी बसली? 1098 हा मदतीचा क्रमांक पहिलीच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर रंगवला आहे का? हे सगळं विचारावं, आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.