धूर ओसरला, हप्ते उरले

वस्तूचे दाम मोजले की आमचे देणे फिटले, असे आम्ही समजतो. ती वस्तू बंदरात उतरताना झालेला धूर कोणी गिळला, हा प्रश्न पावतीवर नसतो.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या शेजारी बंदरांनी 2006 साली हवा शुद्ध करण्याची संयुक्त योजना आखली. 1 ऑक्टोबर 2008 पासून 1989 पूर्वीच्या ट्रकना तेथे मज्जाव झाला. डिझेलची काजळी खरोखरच पुष्कळ घटली.

परंतु नवा ट्रक घ्यावा कोणी? चालक बहुतांशी स्थलांतरित, कागदोपत्री मात्र ‘स्वतंत्र व्यावसायिक’! कंपन्यांनी त्यांना नोकरीत घ्यावे, अशी अट लॉस एंजेलिस बंदराने घातली. मालवाहतूकदारांची संघटना न्यायालयात गेली. 2011 साली ती अट रद्द ठरली. इकडे कित्येक कंपन्यांनी नवे ट्रक भाडेकराराने चालकांच्याच गळ्यात बांधले होते. हप्ते कापून घेतल्यावर काहींच्या हाती आठवड्याअखेर जवळजवळ काहीच उरत नसे.

जुने ट्रक चालू ठेवावेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. बंदराकाठच्या मुलाने श्वास रोखून किती थांबावे? पण जक्कयाने चौपट परत देऊ केले, ते स्वतःच्या पदरचे. येथे शेजाऱ्याची हवा शुद्ध झाली, ती चालकाच्या घासातून. भरपाई नफा घेणाऱ्याने करावी, एवढे तर आम्ही पापनिवेदनाच्या तयारीतच शिकलो आहोत.

आणि स्वस्त माल मिळाला, तोही नफाच. न्हावा-शेव्याच्या रांगेतील ट्रकचा हप्ता कोण भरतो, हे आम्ही आजवर कोणालाच विचारलेले नाही.