दान आणि दानाची रीत

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात पुष्कळदा ज्याची थैली मोठी, त्याचा संच बलवान. स्थानिक दुकानांतील ‘सील्ड डेक’ स्पर्धेत मात्र प्रत्येकाला सहसा सहा बंद पाकिटे मिळतात. ती फोडून किमान ४० पत्त्यांचा संच तिथेच बांधायचा. ‘भूमी’चे साधे पत्ते तेवढे सर्वांना मोकळे. धनाची विषमता मिटते, दैवाची उरते. मग याला न्याय म्हणावे काय? मला वाटते, म्हणावे. दान समान पाडणे माणसाच्या हाती नाही. दानाची रीत समान ठेवणे आहे. सामान्य पत्त्यांतून सुसंगत संच बांधून हरणारा पराभूत ठरतो, अपात्र नव्हे. हे अंतर विसरणारा विजेता पाकिटाचे श्रेय स्वतःच्या नावे मांडतो.