खेळणं कुणाचं?

खेळण्यातल्या आगगाडीचे शौकीन तीन प्रकारचे असतात, असं माझं बरेच दिवस मत होतं.

पहिला जमवणारा. हा गाडी खोक्यासकट विकत घेतो आणि खोक्यातच ठेवतो. खोकं उघडलं की किंमत उतरते म्हणे! 'जरा चालवून दाखवा की,' असं म्हटलं तर असा दचकतो, जणू आपण त्याच्या देवघरातला शाळिग्राम गोट्या खेळायला मागितला.

दुसरा मोजणारा. हा इंजिनावरचे रिव्हेटसुद्धा मोजतो. इंग्लंडात या मंडळींची मोठी पंचाईत आहे. तिथल्या लोकप्रिय 'ओओ' मापाच्या गाड्या खऱ्या गाडीच्या सुमारे १/७६. पण रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे हिशेबाने खऱ्या रुळांपेक्षा सात इंच अरुंद. पोरांना हे कधी खुपलं नाही. काही सज्जनांची मात्र झोप उडाली. त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ घातले, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. त्यातला तो शेवटचा '८३' मला फार आवडतो. सत्याची चाड असावी तर अशी!

तिसरा चालवणारा. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेलं. तिथे गाड्या खरोखर धावतात. पोरांना दाखवायला आलेले बापच पोरांपेक्षा जास्त वाकून बघतात.

चौथा प्रकार मला परवा सापडला. सांभाळणारा. म्हणजे अस्मादिक.

मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्यासाठी चावीची पत्र्याची गाडी आणली आणि काचेच्या कपाटात ठेवली. तो मागायचा. मी म्हणायचो, ''अरे, गाडी तुझीच आहे. जरा मोठा हो, मग घे.'' पोरगा आज्ञाधारक. मोठा झाला आणि मागायचा थांबला.

परवा नातीसाठी ती गाडी बाहेर काढली. हातात देता देता सवयीनं बोलून गेलो, ''जपून हं, मोडशील!''

''बाबा,'' चिरंजीव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ''मोडू दे तिला.''

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इंग्रजांचे रूळ सात इंचांनी खोटे. माझं 'तुझीच आहे' तर अख्खंच खोटं निघालं. ज्याला हात लावायची परवानगी नाही, ते त्याचं कसलं?

गाडी सुटली, टेबलाच्या पायावर आदळली. एक डबा चेपला. नात टाळ्या पिटत होती. चिरंजीव पेपर टाकून जमिनीवर बसले आणि चावी पुन्हा भरू लागले.

जपून, हं... म्हणणार होतो. नाही म्हणालो.