ठेव आणि प्रत

दुसऱ्याची ठेव कुलपात ठेवली की आपले कर्तव्य संपले काय? हा जुनाच प्रश्न घरातला जुना लॅपटॉप आज नव्याने विचारतो.

मालवण किनाऱ्याची खारी, दमट हवा यंत्रांना मानवत नाही. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर माहिती वाचणारे टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते घासले की माहिती कायमची खरवडली जाते. म्हणून टकटक ऐकू येताच यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे. ते नुसतेच मंदावले असेल, तर दुरुस्तीच्या खटपटीआधी प्रत काढावी. तीही प्रथम अशा गोष्टींची, ज्या अन्यत्र कोठेही नाहीत. चित्रपट पुन्हा मिळतील. दिवंगत आजीचा आवाज मिळणार नाही.

प्रतीचे मोल आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस ठाऊक असावयास हवे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्येही. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ जगला, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

कुटुंबाची स्मृती ज्याच्या यंत्रात आहे तो तिचा विश्वस्त होय. आम्हांस वाटते, विश्वस्ताने ठेव एकाच पेटीत अडकवून ठेवू नये. यंत्र चालते आहे तोवरच तिची प्रत भावंडांच्या घरी पोचवावी. वाटलेली स्मृतीच टिकते.