टिकून कोणासाठी राहावे?

मृगापूर्वी वीजतारांवर झुकलेल्या फांद्या छाटणाऱ्या कंत्राटी मजुरांविषयी आमच्या इंदुरात एक तक्रार नेहमी ऐकू येते : ही माणसे टिकत नाहीत. झाबुआ-आलिराजपूरकडचा माणूस जरा तयार झाला की गुजरातेत बांधकामावर निघून जातो. तक्रार खोटी नाही. मात्र तिच्या पोटात ‘निष्ठा’ हा शब्द दडलेला आहे, आणि आमची शंका त्या शब्दाविषयी आहे.

हे काम केवळ कोयत्याचे नव्हे. चिंचेची फांदी चिवट, तर गुलमोहराची ठिसूळ. ती भार पडताच दगा देते. ओली फांदी ११,००० व्होल्टच्या तारेस टेकली तर तिच्यातून वीज वाहते. पुरवठा बंद केल्याचा लेखी परवाना हाती आला तरी कामाच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशी जोडाव्या लागतात, कारण कुणाच्या घरचे जनित्र उलट बाजूने त्यांत वीज सोडू शकते. हे सांगून कळते; अंगी मुरायला काही पावसाळे जावे लागतात. जुना माणूस गेला की नवख्याला वेळीच हाक मारणाराही जातो.

अशा माणसाला आपण काय देतो? निविदा एका हंगामाची, निवड सर्वांत कमी दराची. हा नियम वशिलेबाजीला आळा घालतो. निविदांच्या कागदांत आयुष्य गेलेल्या आम्हांस त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु दोर, शिडी, वाहन यांचा खर्च सर्वांना जवळपास सारखाच. दर उतरतो तो मजुरीत, विम्यात आणि शिकवणीच्या दिवसांत. ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास ती मुख्य मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेने त्याची जागा घेतली, तरी ती जबाबदारी कायम आहे. अनुभवी माणसास पुढल्या वर्षी परत बोलावण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. हंगाम सरताच ज्याचे नाव दप्तरातून पुसले जाते, त्याने पुढल्या मेपर्यंत वाट पाहावी, ही अपेक्षा नीतीची की केवळ सोयीची?

मजुरी व विमा स्पर्धेबाहेर ठेवून करार तीन वर्षांचा करावा, छाटणी हिवाळ्यातही चालावी. वीज महागेल म्हणाल, तर थोडी महागेलही. आज तो फरक झाडावर चढलेला माणूस भरतो आहे. अनुभवाचा दाखलाही द्यावा, पण मजुराच्या हाती. ठेकेदाराच्या कपाटात राहिला तर त्याची बेडी होईल, आणि अधिक मजुरी मिळेल तिथे जाण्याचा त्याचा हक्क तर आहेच.