बेगमी आणि अपरिग्रह

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. समुद्र तेथून फार दूर, आणि भोवतालचा मुलूख कपाशी-तुरीचा. तथापि ज्या वर्धा जिल्ह्यात बोर, पोथरा, लाल नाला यांसारखे जलाशय आहेत आणि ज्यांच्या पाण्यावर भोई-ढिवरांची कुटुंबे जाळी टाकून उपजीविका करतात, तेथे लहान नावेला विजेची मोटर बसवावी काय, आणि बसवावयाची तर तिच्यासाठी लिथियमची बॅटरी केवढी घ्यावी, हा प्रश्न अस्थानी नाही. मला तो केवळ यंत्रविद्येचा वाटत नाही. याच जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेगावी येऊन राहिले, १९३८ पासून विनोबांनी पवनारला धाम नदीच्या काठी वास्तव्य केले व पुढे तेथेच कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग आरंभिला. अपरिग्रहाचे व्रत ज्या भूमीवर प्रत्यक्ष आचरून पाहिले गेले, त्या भूमीवर जो कोणी साठ्याचे गणित मांडावयास बसेल, त्याला बेगमी कोठे संपते आणि परिग्रह कोठे सुरू होतो, हे स्वतःला विचारावेच लागेल.

पतंजलींनी अपरिग्रहाची गणना यमांत केली. जैन परंपरेने मुनीसाठी पूर्ण त्याग सांगितला, पण गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत ठेवले, म्हणजे किती बाळगावयाचे याची हद्द आपणच आधी मुक्रर करून तिच्या आत राहावयाचे. या दुसऱ्या व्रतात मला फार मोठे शहाणपण दिसते, कारण ते गृहस्थाला रिकाम्या हाताने जगावयास सांगत नाही. ते त्याच्याकडून एक आकडा मागते, आणि तो आकडा वासना जागी होण्यापूर्वी मागते.

नावेच्या बॅटरीची आखणी नेमकी याच क्रमाने करावी लागते. समजा, एक लहान नाव आहे, तिची मोटर सावकाश चालीत सुमारे ४०० वॉट घेते आणि जाण्या-येण्यास मिळून दोन तास लागतात. हे ८०० वॉट-तास झाले, आणि पाच तास जळणाऱ्या १० वॉटच्या दिव्याचे ५० धरले म्हणजे रोजची गरज ८५० वर येते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॉट-तास मावतात. त्यातील आठ दशांशच वापरावयाचे ठरविले तर हाती १,०२० च्या आसपास राहतात, आणि खर्च वजा जाता शिल्लक उरते ती अवघी १७० ची, म्हणजे मोटर जेमतेम पंचवीस मिनिटे चालेल एवढी. अंधार पडण्याच्या सुमारास समोरून वारा सुटला तर एवढ्यावर कोणी विसंबू नये. आता बहुतेक जण अधिक मोठी बॅटरी घेतील. परंतु पाण्याचा एक नियम आहे: अशा नावेचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती स्थूलमानाने आठपट लागते. तोच नियम उलट लावून वेग एक पंचमांशाने कमी केला, तर मोटरची मागणी ४०० वरून सुमारे २०५ वर उतरते, दोन तासांच्या वाटेला अडीच तास लागतात, आणि ८०० चे काम ५१२ मध्ये भागते. शिल्लक १७० होती ती ४५८ झाली, आणि या मंद चालीने ती दोन तासांहून अधिक पुरेल. एक पैचीही नवी खरेदी न करता केवळ अर्ध्या तासाची उतावीळ सोडल्याने हे साधले. संयमाचे फळ पुण्याच्या खात्यात जमा होते असे आपण ऐकत आलो; येथे ते वॉट-तासांत मोजून मिळते, याचा मला मनापासून आनंद होतो.

अर्थात, हा अर्धा तास ज्याचा जावयाचा त्यानेच तो द्यावयाचा आहे. ज्याच्या मासळीचा भाव ती बाजारात वेळेवर न पोहोचल्यास पडतो, त्या कुटुंबाला तिसऱ्याने अपरिग्रहाचा उपदेश करणे हे व्रत नव्हे, जुलूम आहे. केरळात वायकोम येथे २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौरनौका चालते. तिची वाट ठरलेली, फेऱ्या ठरलेल्या, त्यामुळे तिची गरजही कागदावर निश्चित करता येते. जाळे टाकणाऱ्याचे तसे नाही. मासे जिकडे असतील तिकडे त्याला जावे लागते, आणि म्हणून त्याला शिल्लक ही हवीच.

मग ती शिल्लक केव्हा परिग्रह होते? माझ्या मते, जिचे कारण नाव घेऊन सांगता येते ती बेगमी: समोरचा वारा, एक ढगाळ दिवस, दुसऱ्या कोणाची अडलेली नाव ओढून आणण्याचा प्रसंग. शेतकरी कणगीत बियाणे वेगळे राखतो, तो लोभी नव्हे. ज्या साठ्याला मात्र निव्वळ ‘असू द्यावे’ याहून अन्य कारण सांगता येत नाही, तो भयाचा साठा होय, आणि भयाला कोणतीही हद्द पुरी पडत नाही. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी संपत आली की मोटर मंदावून आधी सूचना देते; लिथियमची रक्षक यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, ती खालची मर्यादा येताच पुरवठा एकाएकी तोडते, म्हणून भर पाण्यात शिलकेचा विचार अधिकच दक्षतेने करावा लागतो.

येथे एक मोह टाळला पाहिजे. शिशाच्या बॅटरीला नेहमी भरलेले असणे मानवते. लिथियमच्या घटाला ते मानवत नाही, आणि विदर्भातल्या वैशाखात, पारा ४५ अंशांवर गेला असता, काठोकाठ भरून उन्हात ठेवलेला घट लवकर जीर्ण होतो. यावरून निसर्गानेच अपरिग्रहाचा हुकूम काढला आहे असे म्हणावेसे वाटते, पण ते म्हणू नये. रसायनाला धर्म नसतो. फार तर एवढे खरे, की येथे यंत्राचे हित आणि व्रताचे हित एका दिशेने जातात.

याहून अवघड प्रश्न अस्तेयाचा आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमीयांना व्रतांविषयी जी पत्रे लिहिली, त्यांत गरजेबाहेरचे घेणे हेही चोरीतच जमा धरले आहे. लिथियमचा बराच पुरवठा चिलीतील अटाकामाच्या क्षारभूमीतून होतो. जगातील अत्यंत कोरड्या अशा त्या प्रदेशात खारे पाणी उपसून उन्हात आटविले जाते, आणि तेथील रहिवाशांची पाण्याविषयीची तक्रार जुनी आहे. वडनेरच्या नावेतला प्रत्येक अनावश्यक अँपिअर-तास कोणाच्या तरी भूमीतून आलेला असतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम चालविणाऱ्या कुमारप्पांनी साठ्यावर जगणारी आणि प्रवाहावर जगणारी अशा दोन अर्थव्यवस्था वेगळ्या केल्या होत्या. त्यांच्या मापाने सूर्यप्रकाश हा प्रवाह आणि लिथियम हा साठा. बॅटरी या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे. मात्र डिझेल जळून जाते, तसे लिथियम जळून जात नाही; घट निकामी झाला तरी धातू त्यातच असतो आणि तो परत मिळविता येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, परंतु खेड्यातल्या तलावाकाठून तो घट त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज मच्छीमारांच्या सहकारी संस्थेलाच करावी लागेल, आणि तिचा खर्च बॅटरी विकत घेतली जाईल त्याच दिवशी, किमतीच्या शेजारी, वहीत मांडून ठेवावा लागेल.