गंगा कोठीत पाणी नाही

पन्हाळगडाच्या अंबरखान्यात धान्याच्या तीन कोठ्या आहेत. गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यांतली गंगा सर्वांत मोठी; तिच्यात २५,००० खंडी धान्य मावत असे, असं सांगतात.

कोशात गंगा म्हणजे एक नदी. या कोठीत मात्र थेंबभर ओल शिरली तरी धान्याला बुरशी धरेल. म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं त्याने नदी बाजूला सारली आणि तिच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं तेवढं उचललं: न आटणं, पोसणं, पावित्र्य. वेढ्यात अडकलेल्या शिबंदीला ‘गंगा भरलेली आहे’ एवढं कळलं, तर खंडींचा हिशेब न ऐकताही धीर आला असता.

अलंकारशास्त्रातलं एक जुनं, घोटलेलं उदाहरणही गंगेचंच आहे. गंगेवर गवळीवाडा आहे, असं कोणी म्हणतो. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून ऐकणारा ‘गंगेच्या काठावर’ असं समजून घेतो. ही लक्षणा. पण मग बोलणाऱ्याने सरळ काठ का म्हटलं नाही? तिथला गारवा, तिथलं पावित्र्य त्याला पोहोचवायचं होतं. ही व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानलं. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, मग लक्षणा, मग व्यंजना: ही नावं आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं. रोजचं बोलणं ज्यावर चालतं ते शास्त्र आपण व्याकरणाच्या शेवटच्या पानावर टाकून दिलं आहे.

मोरोपंत १७२९ साली याच पन्हाळ्यावर जन्मले, इथल्याच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे शिकले. पुढे बारामतीला गेलेल्या या कवीने स्वतःला मयूर म्हटलं आणि देवाला घातलेल्या हाकांना ‘केकावली’ हे नाव दिलं. केका म्हणजे मोराची साद. मोर साद घालतो ती मेघ दिसल्यावर, आणि देव तर घनश्याम. मोर आणि मेघ यांचं नातं ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुरतं ते नाव पक्ष्याच्या आवाजापाशीच संपतं.

मग शब्दाच्या पलीकडचं सगळंच व्यंजना म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, आणि पुन्हा पन्हाळ्याकडेच बघावं लागतं. १६६०च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. जुलैत शिवाजी महाराजांनी शरण येत असल्याचा निरोप धाडला, पहारे सैलावले आणि १२ जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघून गेले. त्या निरोपामागेही वेगळा हेतू होता, पण तो ऐकणाऱ्याला कळू नये म्हणूनच शब्द निवडले होते. प्राणावर बेतलं असताना टाकलेला तो रास्त डाव होता. व्यंजना याच्या नेमकी उलट चालते. तिथे बोलणारा अर्धं बोलतो आणि उरलेलं ऐकणाऱ्याच्या भरवशावर सोडतो.

शंभर वर्षांनी, १७६१च्या जानेवारीत, नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ एक सावकारी पत्र मिळालं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. वाटेत कोणी फोडलं असतं तर त्याला व्यापारातली खोट दिसली असती. पेशव्यांना पानिपतावर पडलेले मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ भाऊसाहेब दिसले. अक्षरं तीच, पण मोती कोण हे फक्त एका घराला माहीत होतं.

म्हणून मला वाटतं, हा अर्थ शब्दात नसतोच. दोघांच्या सामाईक आयुष्यात असतो. आपण दुकान ‘वाढवतो’, निघताना ‘येतो’ म्हणतो, पिचलेली बांगडीसुद्धा ‘वाढवली’ म्हणतो. बंद होणं, जाणं, फुटणं तोंडातून निघू नये, ही त्यामागची माया. परदेशात वाढलेल्या आपल्या नातवंडांना या शब्दांचे कोशातले अर्थ येतात, त्यामुळे बांगडी वाढली म्हणजे मोठी झाली असंच ती समजणार. त्यांना दोष कसा द्यायचा? ते घर त्यांच्या वाट्याला आलेलंच नाही. वाक्प्रचारांच्या याद्या देऊन हे भरून निघणार नाही. बांगडी पिचेल तेव्हा, त्याच जागी, आजीने ‘वाढवली’ म्हणावं, पोरांनी ‘का गं?’ विचारावं, आणि आजीने हातातलं काम सोडून सांगत बसावं.